'कस्र' नावात आला की काय वाचायचं

अरबी मुलखाच्या नकाशावर एखाद्या ठिकाणाच्या नावात 'कस्र' हा शब्द दिसला की लोक लगेच 'राजवाडा' असं भाषांतर करतात आणि तिथेच फसतात. शब्द मुळात अरबी नाहीच. लॅटिनमध्ये 'कास्त्रुम' म्हणजे तटबंदीची जागा, 'कास्त्रा' म्हणजे लष्कराची छावणी. रोमन अमलाखालच्या पूर्वेकडे तो ग्रीक आणि अरामी लोकांच्या तोंडी रुळला आणि मग अरबीत उतरला. त्यामुळे त्याच्या पोटात ऐषआरामापेक्षा भिंती जास्त. मोरोक्कोत 'क्सर' म्हणजे तटबंदीच्या आतलं अख्खं गाव. १९८७ साली जागतिक वारसा ठरलेलं आइत बेनहद्दू हे असंच मातीच्या भिंतींचं. 'कुसैर' हे कस्रचं लघुरूप, जशी गडाची गढी. जॉर्डनमधल्या 'कुसैर अमरा'त तर चक्क हमाम, म्हणजे स्नानगृह, आहे.

इजिप्तचं लक्सर पाहा. 'अल्-उक्सुर' हे कस्रचं अनेकवचन, त्यातल्या 'अल्'चा (हा अरबीतला इंग्रजी 'द'सारखा शब्द) 'अ' गळाला आणि 'ल' नावालाच चिकटला. अर्थ 'राजवाडे' असा सांगतात. पण तिथल्या फेरोकालीन देवळाभोवती रोमन सैन्याने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस छावणी उभारली होती. माझ्या मते नावात त्या छावणीच्या भिंती बोलतात.

आता 'अल्'कडे लक्ष द्या, कारण अर्ध्या चुका तिथे होतात. 'अमक्याचा कस्र' म्हणायचं असेल तर कस्रला 'अल्' लागत नाही, पुढच्या शब्दाला लागतो : कैरोतला 'कस्र अन्-नील' ('न'च्या आधी 'अल्'चा 'अन्' होतो). पुढे विशेषण असेल तर दोन्हींना लागतो : मोरोक्कोतलं 'अल्-कस्र अल्-कबीर', म्हणजे थोरला कस्र. पोर्तुगीजांनी त्याचं 'अल्कासेर-किबिर' केलं. तिथल्याच लढाईत ४ ऑगस्ट १५७८ रोजी त्यांचा निपुत्रिक राजा सेबास्तियांव पडला, दोनच वर्षांत गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि गोव्याचा कारभार १६४० पर्यंत त्याच घराण्याच्या नावाने चालला. स्पॅनिशमध्ये 'अल्काझार' झाला तेव्हा 'अल्' शब्दातच मुरला होता. म्हणून सेव्हिलच्या वाड्याला 'एल अल्काझार' म्हणताना तोच अर्थ दोनदा येतो, कारण 'एल' म्हणजे स्पॅनिशमधला 'अल्'च.

उच्चारही गावागणिक बदलतो. कैरोत 'क' घशातच अडतो आणि 'अस्र' ऐकू येतं. लिबियात तोच 'गसर'.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. अरबीत दोन 'क' आणि दोन 'स' आहेत, आपण ते एकसारखेच लिहितो. दुसऱ्या क-स चा 'कस्र' म्हणजे मोडणं, अपूर्णांक. आपली 'कसर' त्यातलीच. उलट आपला 'कसूर', म्हणजे उणीव, अरबीत 'कुसूर' आहे आणि कस्रच्या 'कुसूर' या अनेकवचनाशी अक्षर न् अक्षर जुळतो. तिथे संदर्भच पाहावा लागतो.

आणि आपला 'महाल'? तोही अरबीच, पण मूळ अर्थ नुसता 'जागा'. महालकऱ्याच्या 'महाला'त, म्हणजे तालुक्याहून लहान महसुली विभागात, तो टिकून होता. आज कैरोत 'महल्' विचारलंत तर लोक दुकान दाखवतील.