पीजी एचबीए: ओळी बरोबर, क्रम चुकलेला

(पडद्यावर: टर्मिनल, उघडलेली फाइल)

पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरमध्ये कोणी कुठून आणि कसं आत यायचं, हे एक साधी मजकुराची फाइल ठरवते: पीजी एचबीए डॉट कॉन्फ. नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी एका ओळीत पाच रकाने असतात: जोडणीचा प्रकार, डेटाबेस, युजर, पत्ता आणि ओळख पटवायची पद्धत.

(कर्सर चौदाव्या ओळीवर)

इथे पत्ता आहे १०.४.७.१२. पुढचं /३२, म्हणजे ‘फक्त हाच एक पत्ता’, राहून गेलंय. मग पोस्टग्रेस पुढचा रकाना नेटमास्क (पत्त्याचा किती भाग जुळायला हवा ते सांगणारा आकडा) समजून वाचतो, आणि तिथे त्याला सापडतं स्क्रॅम-शा-२५६, म्हणजे पासवर्ड तपासायची पद्धत. एरर येते, ‘इनव्हॅलिड आयपी मास्क’. बघणारा पद्धतीचं स्पेलिंग तपासत बसतो. चूक पद्धतीच्या डावीकडे, पत्त्यात आहे.

आवृत्ती १० पासून यासाठी ‘पीजी एचबीए फाइल रूल्स’ हा व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी वाचता येणारी यादी, आहे. सुपरयुजर (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून शिरायचं आणि एरर रकाना भरलेल्या ओळी काढायच्या. ओळीचा क्रमांकही मिळतो. व्ह्यू डिस्कवरची फाइल वाचतो, सर्व्हरने मेमरीत घेतलेली नाही. म्हणून तो रीलोडच्या, म्हणजे चालू सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावण्याच्या, आधीच चालवायचा.

कारण रीलोड फसवतो. ‘पीजी रीलोड कॉन्फ’ने ट्रू दिलं, तर सिग्नल गेला एवढंच कळतं. एक ओळ जरी चुकली तरी अख्खी नवी फाइल बाजूला पडते, जुनेच नियम चालू राहतात आणि त्याची नोंद फक्त लॉगमध्ये होते. पुढे कधीतरी रीस्टार्ट होतो, आणि त्या फाइलपायी सर्व्हर उठतच नाही.

(दोन ओळी ठळक)

ही चूक मात्र व्ह्यूलाही दिसत नाही. तिसऱ्या ओळीत सगळ्या डेटाबेसना, सगळ्या युजरना १०.०.०.०/८ वरून ट्रस्ट. नवव्या ओळीत १०.४.७.०/२४ ला रिजेक्ट. दोन्ही ओळी बिनचूक! पण पहिली जुळणारी ओळ सापडली की शोध तिथेच थांबतो. रिजेक्टची पाळी येतच नाही. पहिला आकडा १० असलेल्या कुठल्याही पत्त्यावरून पासवर्डशिवाय, अगदी सुपरयुजरच्या नावानेही, आत येता येतं.

म्हणून जी जोडणी नाकारली जायला हवी, तीच त्या मशीनवरून करून बघायची. लोकलहोस्टची (त्याच मशीनवरून त्याच मशीनला होणाऱ्या जोडणीची) चाचणी करताना ::१ या आयपीव्ही६ पत्त्याची ओळही बघावी, कारण १२७.०.०.१ ची ओळ आयपीव्ही६ ला लागू होत नाही. आणि डेटाबेसच्या रकान्यातल्या ‘ऑल’मध्ये फिजिकल रेप्लिकेशनची (अख्ख्या सर्व्हरची प्रत दुसरीकडे चालू ठेवण्याची) जोडणी येत नाही, तिला वेगळी ओळ लागते.

नियम कडक केल्यावरही आधी आत आलेले आतच राहतात. रीलोडने जुन्या जोडण्या तुटत नाहीत. त्या ‘पीजी टर्मिनेट बॅकएंड’ने एकेक करून तोडाव्या लागतात.