कपाट रिकामं निघालं, तरी गुन्हा झालाच

समजा, कोथरूडमधला एक बंद फ्लॅट. मध्यरात्री चोरट्यानं कटावणीनं कडीकोयंडा उचकटला, कपाट फोडलं. आत दमडीही नाही. मग तो सुटला?

मुळीच नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गुन्ह्याच्या प्रयत्नासाठी कलम 62 आहे. त्यात उदाहरणच हे आहे: दागिन्यांसाठी पेटी फोडली, पेटी रिकामी निघाली. शिक्षा मूळ गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या निम्म्यापर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद, म्हणून प्रयत्नाला साडेतीन. जन्मठेपेचं निम्मं काढताना ती 20 वर्षांची धरतात.

पण इथं घरफोडी पूर्ण झाली आहे. रात्री चोरीच्या उद्देशानं घर फोडल्यास कलम 331(4) खाली 14 वर्षांपर्यंत कैद होते. हे कलम लावायचं राहिलं, तर खटला उगाच दुबळा होतो.

कटावणी विकत घेणं, सोसायटीची टेहळणी करणं ही तयारी. तिला सहसा शिक्षा नाही, कारण माणूस मागे फिरू शकतो. मग तयारी संपून प्रयत्न कुठे सुरू होतो? 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर वसईजवळच्या खाडीचं प्रकरण होतं. काठावर गाडीतून चांदी उतरवली जात होती, खाडीतून यांत्रिक होडीचा आवाज येत होता. सत्र न्यायालयानं आणि उच्च न्यायालयानं सोडलेल्या आरोपींना सर्वोच्च न्यायालयानं दोषी धरलं. चांदी होडीत चढली नव्हती, तरी तस्करीचा प्रयत्न झाला होता.

दरोड्याची मात्र तयारीही गुन्हा आहे: कलम 310(4), दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. कोयते, दोरी, मिरचीपूड घेऊन दबा धरलेली टोळी पोलीस पकडतात ती याच कलमाखाली. दरोड्याला किमान पाच जण लागतात. चौघे सापडले आणि पाचवा अंधारात पळाला, तर तो तिथं होता हे पंचनाम्यात आणि साक्षीत यायलाच हवं. नाहीतर कलमच कोसळतं.

खुनाच्या प्रयत्नाला निम्म्याचा हिशेब लागत नाही. त्याला स्वतंत्र कलम 109 आहे: दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड, इजा झाली तर जन्मठेपेपर्यंत. जखम जिवावर बेतणारी असलीच पाहिजे असं नाही. न्यायालय उद्देश पाहतं. म्हणून फिर्यादीत ‘कोयत्यानं मारलं’ एवढंच लिहून भागत नाही. वार मानेवर होता की पोटरीवर, किती वार केले, हल्लेखोर काय ओरडला, त्याला कोणी आवरलं, हे सगळं पहिल्याच जबाबात यायला हवं.