मुक्तीतली पहाट : केडगाव, 1905

[पुणे-दौंड लोहमार्ग. सकाळची वेळ. गाडी केडगाव स्थानकात शिरते.]

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी साठेक किलोमीटरवर केडगावला थांबते. आजूबाजूला ऊस, कांदा, गुळाची गुऱ्हाळं. स्थानकाजवळच झाडीत लपलेलं एक विस्तीर्ण आवार आहे. नाव मुक्ती, निराधार बायकांचं आश्रयस्थान. सव्वाशे वर्षांपूर्वी इथं माळ होता. त्या माळावर शंभर एकर जमीन घेतली होती पंडिता रमाबाईंनी.

रमाबाईंना भूक ऐकून माहीत नव्हती. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेले. उरलेली दोघं भावंडं पुराण सांगत, हजारो मैल पायी चालत देशभर फिरली. पुढं कलकत्त्यानं त्यांना 'पंडिता' म्हटलं, 1883मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1889मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. हा सगळा भाग मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे. केडगावचा तेवढा ठाऊक नाही.

[जुनी छायाचित्रं. दुष्काळातल्या मुली.]

1896-97मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडं गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली, विधवा घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, शहरात एवढ्या जणींना ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून केडगावचा माळ. पुढं 1900च्या सुमारास गुजरातचा दुष्काळ आला आणि मुक्तीतल्या ताटांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. कोण कुठली, कुठल्या जातीची, कोणी टाकलेली, कोणी विकायला काढलेली. सगळ्या एका पंक्तीला बसल्या. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

या दोन हजार जणींना कसं पाहिलं जात होतं? दयेनं. लंडन-न्यूयॉर्कच्या चर्चमधून त्यांच्यासाठी वर्गणी निघत होती, प्रार्थना होत होती. त्या घेणाऱ्या होत्या. आपली खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण 1905मध्ये हे नातं उलटलं.

[पहाटेचा अंधार. कंदील.]

1904च्या शेवटी वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्त्यांत मोठं आत्मिक संजीवन झालं, म्हणजे श्रद्धेची एकाएकी मोठी लाट उसळली. बातमी समुद्र ओलांडून आली. आसामकडच्या खासी टेकड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही तसंच घडू लागलं. जानेवारी 1905मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज पहाटे आपल्या देशासाठी प्रार्थनेला कोण येईल? सत्तर जणी आल्या. कोणी बोलावणं पाठवलं नाही, पण आकडा वाढत गेला. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोन वेळा गुडघे टेकत होत्या.

साडेपाचशे जणी. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येऊ लागून वर्ष-दोन वर्षंच झाली होती. प्रार्थनेत काय मागत असतील त्या? जिथून त्यांना हाकललं होतं, त्याच गावांसाठी मागत होत्या.

29 जूनची पहाट. मुक्तीत काम करणाऱ्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी ती लिहून ठेवली आहे. झोपायच्या खोलीत एका मुलीला वाटलं की आपल्यावर पवित्र आत्मा उतरला, अंगभर अग्नी पसरला. शेजारी झोपलेलीला जाग आली. तिला दिसली ती आग. ती धावत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, पाण्याची बादली उचलली, परत आली, बादली ओतायला उचलली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की ही जळत नाहीये.

या साऱ्या कथेत मला सर्वांत जवळची वाटते ती ही बादली. अग्नीचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या श्रद्धेप्रमाणे लावेल. मी विश्वासानं लावतो. पण ज्या मुलीला काही वर्षांपूर्वी जगानं उपाशी मरायला सोडलं होतं, ती अंधारात उठून दुसरीसाठी पाणी आणायला धावते, याला अर्थ लावावा लागत नाही.

[सभागृह. रिकाम्या बाकांवरून सरकणारं ऊन.]

दुसऱ्या दिवशी, 30 जूनला, रमाबाई बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. त्यांची शिकवण्याची पद्धत शांत होती, आवाज चढवायच्या नाहीत. मध्येच मुली रडू लागल्या. एकेक करून नव्हे, सगळ्या एकदम. आपापली पापं मोठ्यानं कबूल करू लागल्या, क्षमा मागू लागल्या. आवाज एवढा वाढला की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

त्यानंतरचे दिवस तसेच गेले. शेकडो कंठ एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करत. बाहेरच्या काही मिशनरींना ते आवडलं नाही. हा गोंगाट आहे, भावनांचा उमाळा आहे, असं लिहिलं गेलं. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. या देशाच्या लेकरांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे देवाला हाक मारू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. वेदशास्त्र कोळून प्यालेल्या या बाईंनी इंग्लंड-अमेरिकेतल्या शिस्तशीर उपासना पाहिल्या होत्या, तरीही त्यांनी कौल आपल्या माणसांना दिला. तुकोबांची पालखी यवत-वरवंडच्या वाटेनं याच मुलखातून पंढरीला जाते. देवाच्या नावानं देहभान हरपलेलं माणूस इथल्या मातीला अनोळखी नाही.

रडणं ओसरल्यावर काय उरलं, हे खरं महत्त्वाचं. रमाबाईंनी विचारलं, शिक्षण बाजूला ठेवून खेड्यांत शुभवर्तमान सांगायला कोण निघेल? तीसेक जणी पुढं आल्या. पुढं या प्रार्थना-टोळ्या वाढत गेल्या. आसपासच्या गावांत पायी जायचं, बायकांशी बोलायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, प्रार्थना करायची. घेणाऱ्या आता देणाऱ्या झाल्या होत्या.

आणि प्रार्थनेमुळं मुक्तीतली कामं थांबली नाहीत. हातमाग चालू होते, तेलघाणा चालू होता, शेत होतं, गुरं होती. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन होतं. यरीहोच्या वाटेवर ओरडून ओरडून येशूला थांबवणाऱ्या त्या आंधळ्या भिकाऱ्याच्या नावाचं. तिथं मुली बोटांनी ब्रेल वाचायला शिकत, टोपल्या विणत.

[जगाचा नकाशा. केडगाव, मग दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा.]

एब्रम्सबाईंनी 1906मध्ये या अनुभवावर छोटं पुस्तक लिहिलं. शिकागोच्या प्रशिक्षण शाळेतल्या आपल्या वर्गमैत्रिणीला, मे लुईस हूव्हर यांना, ते पाठवलं. त्या आणि त्यांचे पती विलिस हूव्हर चिली देशात वालपराइसोला मेथडिस्ट चर्च सांभाळत होते. 1909मध्ये तिथं संजीवन झालं आणि त्यातून चिलीची पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी, मंडळी उभी राहिली. दौंड तालुक्यातल्या अनाथ मुलींच्या पहाटेच्या प्रार्थनेचा धागा प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापर्यंत गेला. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

[छापखाना. लाकडी खणांत मांडलेले शिशाचे खिळे.]

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांतलं मोठं काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती, पंडितांची नको. छापखाना मुक्तीतच होता आणि जुळारी मुक्तीतल्याच बाया होत्या. छपाईचा खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उलटा असतो. 'क' उलटा, काना उलटा, जोडाक्षराचा तुकडा वेगळ्या खणात. एकेक अक्षर चिमटीत धरायचं, ओळ भरायची, पान बांधायचं, प्रूफ काढून बाईंकडं न्यायचं. बाईंनी खुणा केल्या की खिळे उपसून पुन्हा जुळवायचे.

1921मध्ये रमाबाईंची एकुलती एक लेक, मनोरमा, गेली. त्यांनी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922ला त्या स्वतः गेल्या. बायबल छापून पुरं झालं 1924मध्ये. त्यात योहानाचा आठवा अध्यायही आहे, ज्याच्या मध्यावर एकदा बाईंना शिकवणं थांबवावं लागलं होतं. मुक्तीतल्या बायांनी तो खिळा खिळा वेचून शेवटच्या ओळीपर्यंत जुळवला.

[खिळ्यांच्या खणावर एक हात. प्रतिमा हळूहळू मावळते.]