पहिली नोकरी निवडताना ऑफिसचं नाव बघू नका

नमस्कार! आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर सध्या तुमच्याकडे दोन गोष्टी नक्की असतील: अर्धवट थीसिस आणि अर्ज पाठवायच्या ऑफिसांची यादी. यादीत सगळ्यात वर कोण? ज्यांच्या इमारतींचे फोटो सगळीकडे फिरतात ते. पण या क्षेत्रात मुरलेल्या आर्किटेक्टला विचारून बघा, कुठे जाऊ म्हणून. बरेचदा उलट तुम्हालाच प्रश्न येतो: तिथे तुला साइटवर पाठवतील का?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते आज बघू.

कॉलेजमध्ये डिझाइन ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या दिवशी संपतं. शीट लावल्या, बोलणी खाल्ली, घरी जाऊन झोपलात. ऑफिसात मात्र डिझाइन मंजूर झालं की खरी धावपळ सुरू होते. तुम्ही जिथून डक्ट (हवेचा मोठा पाइप) नेणार असता, नेमका तिथेच बीम येतो. टॉयलेटचा पाइप खाली कुणाच्या तरी बेडरूममध्ये उतरतो.

साधा जिना घ्या. एका पायरीच्या चढाची (उंचीची) दुप्पट अधिक पाय ठेवायच्या जागेची रुंदी, बेरीज साधारण 60 ते 64 सेंटीमीटर. चढ 15, त्याची दुप्पट 30, अधिक रुंदी 30, झाले 60. माणसाच्या पावलाच्या अंतरावरून हा नियम फ्रान्समध्ये फ्रांस्वा ब्लोंदेल या आर्किटेक्टने 17व्या शतकातच मांडला. पाठ करायला एक मिनिट लागतं. पण वरच्या मजल्याची फरशी आणि पायरीवरचा दगड यांची जाडी वेगळी असते. ती ड्रॉइंगमध्ये आधीच धरली नाही, तर शेवटची पायरी दोन-तीन सेंटीमीटरने वेगळी पडते. पायांना तोवर लय सापडलेली असते, आणि तिथेच माणूस अडखळतो. ही चूक स्क्रीनवर दिसत नाही. साइटवर टेप धरून उभं राहिलं की दिसते, आणि तिथला गवंडी ती तुमच्याआधी सांगतो. त्याचं ऐका. 'साहेब' किंवा 'मॅडम' म्हणतो म्हणून त्याला कमी कळतं असं समजू नका.

आता मोठ्या ऑफिसबद्दल. तिथे वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षं फक्त रेंडर (कॉम्प्युटरवर काढलेली इमारतीची चित्रं) आणि प्रेझेंटेशन केलंत, तर नाव मोठं होईल ते ऑफिसचंच. त्यापेक्षा पाच-सात जणांच्या ऑफिसात एखादं छोटं घर पायापासून किल्ली देईपर्यंत बघायला मिळालं, तर मी डोळे मिटून तिथे जा म्हणेन.

'मग मी मागे पडेन' ही भीती असते ना? प्रसिद्ध आर्किटेक्ट झाहा हदीद यांनी हाँगकाँगच्या 'द पीक' प्रकल्पाची स्पर्धा जिंकली, पण ती इमारत बांधलीच गेली नाही. त्यांचं पहिलं मोठं बांधलेलं काम, व्हिट्रा या फर्निचर कंपनीचं अग्निशमन केंद्र, 1993 मध्ये पूर्ण झालं. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. आर्किटेक्ट लुई कान यांची अमेरिकेतल्या येल विद्यापीठातली आर्ट गॅलरी 1953 ची, म्हणजे त्यांच्या पन्नाशीनंतरची. हा धंदाच उशिरा पिकणारा आहे. पंचविशीत स्वतःच्या नावाची पाटी नसली, तर काही बिघडत नाही.

जपानचे आर्किटेक्ट टाडाओ अँडो यांच्याकडे तर डिग्रीच नव्हती. इमारती फिरून, बघून शिकले आणि 1995 मध्ये प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सर्वोच्च मानलं जाणारं पारितोषिक मिळवलं. (हे ऐकून सबमिशन सोडू नका. बऱ्याच देशांत रीतसर शिक्षण आणि परवाना नसेल, तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही.)

मुलाखतीला गेलात की तुम्हीही प्रश्न विचारा. साइट मीटिंगला ज्युनिअर जातात का? वर्किंग ड्रॉइंग (ज्यावरून साइटवर बांधकाम होतं ती) कोण तपासतं? आधी इथे होते ते किती काळ टिकले? रात्री ऑफिसात किती जण असतात? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसून विषय बदलत असेल, तर उत्तर मिळालं समजा.

आणि पैसे. 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट राबवणारं ऑफिस तुमच्या कामाचं बिल क्लायंटला लावतच असतं. आकडा विचारायला लाजू नका आणि जे ठरेल ते लेखी घ्या.

पोर्टफोलिओत रेंडर भरपूर असतील, राहू देत. पण एक पान वेगळं ठेवा: खऱ्या इमारतीचा एखादा कोपरा, खिडकी किंवा जिना स्वतः मोजून काढलेला, मापांसकट. मुलाखत घेणारा त्याच पानावर थांबण्याची शक्यता जास्त, आणि पुढचे प्रश्नही त्यावरच येतील. तेव्हा ते पान दुसऱ्याकडून करवून घेऊ नका.