सतराव्या वर्षी जो कुठंच नव्हता: मिरोस्लाव क्लोझेची गोष्ट

[पडद्यावर: जपान, साप्पोरो, १ जून २००२]

फुटबॉलचा वर्ल्डकप, जर्मनी विरुद्ध सौदी अरेबिया. स्कोअर आठ-शून्य. आठातले तीन गोल एकट्या क्लोझेचे आणि तिन्ही डोक्यानं. त्याची वर्ल्डकपमधली ही पहिलीच मॅच, वयाची चोविशी गाठायला अजून आठ दिवस बाकी, आणि गोल झाला की पठ्ठ्या हवेत कोलांटी मारून परत पायावर उभा. त्या वर्ल्डकपमध्ये त्यानं एकूण पाच गोल केले, पाचच्या पाच हेडर.

आता याच्या चार वर्षं मागं जा. १९९८ चा वर्ल्डकप फ्रान्समध्ये चालू होता तेव्हा हा गडी जर्मनीतल्या एका खेड्याच्या क्लबातून नुकता बाहेर पडत होता, तो क्लब खेळायचा सातव्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे वरनं मोजत आलात तर सातवी पायरी, तिथं नवे प्लेअर हेरणारा कुणी स्काऊट-बिऊट येत नाही. आणि पोटापाण्याचं म्हणाल तर सुतारकाम शिकून घेतलं होतं.

मेस्सी-रोनाल्डोवर ढिगानं व्हिडिओ पडलेत, त्यात आपण अजून एक टाकून काय करायचं. सोलापुरात बसून क्लोझेवर व्हिडिओ करायचं कारण वेगळंय. आपल्याकडं पोरगं पंधरा-सोळाचं झालं की घरात विषय निघतोच, दहावी आली, क्लास लावलाय, आता बूट ठेव माळ्यावर, आणि ग्राउंडवर पण कुणीतरी शहाणा असतोच जो सांगतो की काय बे, ज्याचं व्हायचं असतं त्याचं आत्तापर्यंत झालेलं असतं. सतरा म्हणजे संपलं. क्लोझेचं सतरावं वर्ष बघायचं ते यासाठी, आणि त्याहून मोठी गंमत पुढं आहे, की हाच माणूस नंतर बायर्न म्युनिक या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या क्लबाच्या सतरा वर्षांखालच्या टीमचा कोच झाला.

जन्म ९ जून १९७८, पोलंडमधलं ओपोले. वडील प्रोफेशनल फुटबॉलर, फ्रान्समध्ये ऑक्झेर क्लबाकडून खेळलेले, आणि आई पोलंडच्या नॅशनल टीममधली हँडबॉल प्लेअर. म्हणजे खेळ घरातच होता, हे मान्य करूनच पुढं जाऊ, उगाच गरीब बिचारा करून सांगण्यात अर्थ नाही. पण आठ वर्षांचा असताना घर उचललं आणि जर्मनीत कुझेल नावाच्या छोट्या गावाजवळ आलं. पोराला जर्मन येत होतं किती, तर 'हो' आणि 'थँक्यू'. घरात पोलिश, वर्गात जर्मन, मधल्या सुट्टीत फुटबॉल. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी असं वाढलेल्या आपल्या पूर्व भागातल्या पोरांना हे समजावून सांगायची गरज नाही, आणि अक्कलकोट रोडच्या कन्नड घरांना तर नाहीच. नवीन पोरगं आलं की नाव नीट कळत नाही पण बॉल बरा मारतोय हे दोन मिनिटांत कळतं आणि मग कुणी भाषा विचारत नाही.

गावचा क्लब होता ब्लाउबाख-डीडेलकॉप्फ. नाव लांबलचक, टीम साधी. तिथं हा वयाच्या वीसपर्यंत खेळला. १९९८ ला होमबुर्ग, १९९९ ला कायझर्सलाउटर्नची दुसरी टीम, आणि २००० च्या एप्रिलमध्ये बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पहिल्यांदा मैदानात उतरला, तेव्हा वय एकवीस. पुढच्या वर्षी मार्चमध्ये जर्मनीकडून पहिली मॅच, अल्बानियाबरोबर, बदली म्हणून उतरला आणि मॅच संपत आली असताना हेडर मारून जर्मनीला दोन-एकनं जिंकून दिली. मधल्या काळात पोलंडचे कोच पण येऊन गेले होते, आमच्याकडून खेळ म्हणून. हा नाही म्हणाला.

हा एवढा उशिरा का दिसला याचं एक कारण त्याच्या बाहेरचं आहे. युरो २००० मध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, जर्मनीची पार वाट लागली होती, ग्रुपमध्ये शेवटचा नंबर, तीन मॅचमध्ये एक पॉइंट आणि एक गोल. मग त्यांनी अख्खी सिस्टीमच बदलायला घेतली. वरच्या डिव्हिजनच्या क्लबांना लहान मुलांची अकॅडमी सक्तीची केली, देशभर ट्रेनिंगची सेंटर्स उघडली, की कुठल्याही कोपऱ्यातलं पोरगं नजरेतनं सुटायला नको. क्लोझे सुटला होता की. त्याच्या लहानपणी ही यंत्रणाच नव्हती, त्यामुळं त्याला कुणी निवडलं पण नाही आणि कुणी काढून पण टाकलं नाही. मला तर वाटतं हे दुसरं जास्त महत्त्वाचं. पंधराव्या वर्षी 'तू बसत नाहीस' असं ज्याला मोठ्या क्लबनं तोंडावर सांगितलंय ते पोरगं बऱ्याचदा खेळच सोडतं, आणि त्या वयात निवड कशावर होते तर उंची, ताकद, आणि जानेवारीत जन्मलाय का डिसेंबरात यावर. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं गटातल्या बाकीच्यांपेक्षा काही महिन्यांनी मोठी असतात, म्हणून एज ग्रुपच्या निवडीत जास्त दिसतात, हे जगभर सापडलेलं आहे, आपल्या शालेय स्पर्धांना गेलात तर नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

[पडद्यावर: गोलांचा तक्ता, २००२ ते २०१४]

करिअर थोडक्यात घेतो, कारण ते सगळीकडं मिळतं. वेर्डर ब्रेमेनला असताना २००५-०६ च्या सीझनला बुंडेसलिगात पंचवीस गोल, टॉप स्कोअरर. लगेच २००६ चा वर्ल्डकप घरच्या मैदानावर, पाच गोल आणि सगळ्यात जास्त गोलांचा गोल्डन बूट. मग बायर्न, २०१० ला वर्ल्डकपमध्ये चार. मग इटलीत लाझिओ, तिथं २०१३ ला बोलोन्याविरुद्ध एका मॅचमध्ये पाच. आणि २०१४ ला छत्तिसाव्या वर्षी दोन, एक घानाला आणि एक ब्राझीलला, जर्मनीनं सात-एकनं जिंकलेल्या त्या प्रसिद्ध मॅचमध्ये. पहिला शॉट गोलकीपरनं अडवला, रिबाउंड परत याच्याच पायाशी, आणि आत. पाच, पाच, चार, दोन, झाले सोळा, ब्राझीलच्या रोनाल्डोचा पंधराचा रेकॉर्ड ब्राझीलमध्येच मोडला. २०२२ चा वर्ल्डकप संपला तेव्हा मेस्सी तेरावर होता आणि एम्बापे बारावर.

जर्मनीसाठी १३७ मॅचमध्ये ७१ गोल. इथं उगाच डोक्यावर घेऊ नका, जर्मनीच्याच जुन्या गेर्ड म्युलरनं ६८ गोल फक्त ६२ मॅचमध्ये केले होते, तो सरस होता, वादच नाही. पण क्लोझेनं ज्या ज्या मॅचमध्ये जर्मनीसाठी गोल केला त्यातली एकही मॅच जर्मनी हरला नाही. ही गोष्ट मी पोरांना सांगतो तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही, मोबाईल काढून चेक करतात.

दोन प्रसंग मात्र सावकाश सांगायचेत. २००५, ब्रेमेनची मॅच बीलेफेल्डबरोबर. रेफ्रीनं क्लोझेला पेनल्टी दिली, हा स्वतः जाऊन सांगतो की फाऊल नव्हता, आणि पेनल्टी रद्द. दुसरा २०१२, लाझिओ विरुद्ध नापोली, अजून पाच मिनिटं पण झाली नव्हती, शून्य-शून्य असताना याचा गोल दिला गेला, पण बॉल हाताला लागून गेला होता. परत तेच, रेफ्रीला सांगितलं, गोल रद्द, नापोलीच्या प्लेअरांनी येऊन पाठ थोपटली. आणि मग नापोलीनं तीन-शून्यनं हरवलं, तिन्ही गोल कावानीचे. लाझिओच्या फॅन्सना त्या रात्री काय वाटलं असेल ते विचारू नका. आपल्या इथल्या शालेय मॅचमध्ये थ्रो-इन कुणाचा यावरनं जी भांडणं लागतात, त्यात दोन्हीकडचे सर पण उतरतात, ती बघितली की हा माणूस वेगळ्याच मातीचा वाटतो.

[पडद्यावर: म्युनिक, बायर्नचं कॅम्पस]

२०१६ च्या नोव्हेंबरात खेळणं थांबवलं आणि लगेच जर्मनीचे कोच योआकिम ल्योव यांच्या हाताखाली कोचिंग शिकायला लागला. २०१४ चा जगज्जेता माणूस, पण सुरुवात उमेदवारीनंच. २०१८ ला बायर्ननं सतरा वर्षांखालची टीम दिली. बायर्नचं कॅम्पस तेव्हा एक वर्षाचं होतं, तीस हेक्टर जागा, सात कोटी युरो खर्च, हॉस्टेल, जिम, मैदानंच मैदानं. आपण इथं जानेवारीत गड्ड्याची जत्रा लागली की होम मैदानावर खेळायचं नाही आणि मेमध्ये बेचाळीस डिग्रीत सकाळी आठनंतर खेळायचं नाही, असं वेळापत्रक लावतो, त्यामुळं तुलना नको, नुसतं ऐकून घ्या.

आता विचार करा, समोर उभी असलेली पोरं कोण, तर सोळा-सतराची, एजंट असलेली, बुटाच्या कंपन्या मागं लागलेली, आणि कोच कोण, तर ज्याला त्या वयात बायर्नच्या गेटवर कुणी ओळखलं नसतं. २०१९ मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबाकडून एक सोळा वर्षांचा सडपातळ पोरगा तिथं आला, जमाल मुसियाला. क्लोझेच्या टीममध्ये खेळला आणि २०२० च्या जूनमध्ये सतरा वर्षं चार महिन्यांचा असताना बुंडेसलिगात उतरला, तेव्हा बायर्नसाठी एवढ्या कमी वयात कुणीच उतरलं नव्हतं. त्या वयात कोचसाहेब गावच्या क्लबात होते. पुढच्या सीझनला क्लोझे पण वर आला, बायर्नच्या मुख्य टीमचा कोच हान्सी फ्लिक याचा असिस्टंट म्हणून, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, मुसियालानं गोल मारला तो कुणाला, तर लाझिओला. जिथं क्लोझे पाच वर्षं खेळला त्याच क्लबला, त्याच रोममध्ये.

फॉरवर्डला, म्हणजे पुढं राहून गोल करणाऱ्या प्लेअरला, कोच नक्की काय शिकवतो, हे इथल्या पालकांना सांगावं लागतं, कारण त्यांना वाटतं जोरात किक मारायची. क्लोझेचे गोल स्लो करून बघा. बॉल विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, असतो तेव्हा तो डिफेंडरच्या पाठीमागं, नजरेच्या बाहेर, दोन पावलं उलटीकडं जातो, डिफेंडर फसला की मग जवळच्या पोस्टकडं कट. हेडरला उडी बॉल आल्यावर नाही, यायच्या आधी. डोळे उघडे, कपाळाचा मधला भाग, मान ताठ. फार वेगवान नव्हता, ड्रिबल बिबल तर बेताचंच, पण कुठं उभं राहायचं हे त्याला कळत होतं, आणि हे शिकवता येतं. वेग शिकवता येत नाही.

एक सूचना मात्र इथंच. हे बघून लहान पोरांना हेडर घोटायला लावू नका. अमेरिकेत २०१५ पासून दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना हेडर बंद केलंय, इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ट्रेनिंगमध्ये हेडर नाही, मेंदूची काळजी म्हणून. आणि आपल्या मुरमाच्या ग्राउंडवर कोलांटी तर अजिबात नको, मान मोडेल.

पुढची वाट सरळ नाही. २०२१ ला बायर्न सोडलं, तब्येतीनं पण त्रास दिला, पायात रक्ताची गुठळी झाली होती. २०२२ ला ऑस्ट्रियात आल्टाख नावाच्या छोट्या क्लबाचा हेड कोच झाला, सीझन संपायच्या आत, मार्च २०२३ ला, काढून टाकलं. वर्ल्डकपमध्ये सोळा गोल आहेत म्हणून कुणी पाठीशी घातलं नाही. मग वर्षभर घरी. २०२४ ला न्युर्नबर्गनं बोलावलं, दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब, पैसा कमी, पोरं कोवळी. तिथं ग्रीसहून आलेला अठरा वर्षांचा स्टेफानोस त्झिमास नावाचा फॉरवर्ड याच्या हाताखाली आला, त्या सीझनला लीगमध्ये बारा गोल केले, आणि सीझन संपायच्या आतच इंग्लंडच्या ब्रायटननं त्याला घेऊन टाकलं. क्लोझेला परत नवा फॉरवर्ड शोधायला लागला.