आकाशातून दिसणारा निखारा

[पहाट. जहाजावरून बॅरन बेट]

हे बॅरन बेट. अंदमानात, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. इथे वस्ती नाही. दिसतोय तो डोंगराचा माथा. समुद्रतळापासून मोजला तर तो २,००० मीटरहून उंच भरतो.

[रात्र. विवरातून उसळणारा लाव्हा]

दीडशेहून अधिक वर्षं गप्प राहून १९९१मध्ये तो जागा झाला. जानेवारी २०१७मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 'सिंधू संकल्प' जहाजावरून याच भागात तळाचा गाळ काढत होते, आणि समोर राख उसळली. दिवसा राखेचे ढग. सूर्य मावळला, तशी लाल कारंजी दिसू लागली.

पण जहाज तिथे रोज नसतं. उपग्रह रोज वरून जातात.

[उपग्रहचित्र. काळ्या बेटावर केशरी ठिपका]

हा ठिपका नीट पाहा. हा उष्णतेचा आहे. वस्तू जितकी तापलेली, तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी आखूड. ती मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. तीस अंशांच्या समुद्राचे किरण दहा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जोरदार असतात. हजार अंशांच्या लाव्हाचे दोन-अडीच मायक्रॉनला. म्हणून 'टेरा' आणि 'अ‍ॅक्वा' उपग्रहांवरचा 'मोडिस' हा किरण मोजणारा संवेदक एकाच जागेकडे चार आणि बारा अशा दोन्ही मायक्रॉनवर पाहतो. त्याच्या चित्राचा एक चौकोन, म्हणजे पिक्सेल, एक किलोमीटरचा. त्यात हजारातला एक वाटा जरी लाव्हा असला, तरी चारवरचं माप उसळी घेतं, बारावरचं जेमतेम हलतं. हा फरक हीच खूण! रात्री ऊन परावर्तित होत नाही, त्यामुळे ती जास्त खात्रीची.

'सेंटिनेल-२' या दुसऱ्या उपग्रहाचा चौकोन वीस मीटरचा. लाव्हा कोणत्या उतारावरून निघाला, तेही त्यात कळतं.

[ढगांनी झाकलेलं बेट]

पावसाळ्यात मात्र असं दिसतं. ठिपका नाही, म्हणून डोंगर निवला असं कुणी समजू नये. आणि लक्ष तर ठेवायलाच हवं, कारण ज्वालामुखीची राख विमानांच्या इंजिनांना घातक असते.

ही सगळी चित्रं फुकट मिळतात. रत्नागिरीच्या कॉलेजातल्या मुलीलाही ती उघडता येतील. आपल्या एकुलत्या एक जागृत ज्वालामुखीवर आपली रोजची नजर हवी.

[रात्रीची चित्रं, एकामागून एक. ठिपका मोठा होतो, विझतो, पुन्हा पेटतो. निवेदन नाही.]