पाच हजारांची निवडणूक

नमस्कार श्रोतेहो. विद्यार्थी संघाच्या निवडणुकीच्या दिवसांत दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसला गेलात, तर कॉलेजांच्या भिंती दिसत नाहीत, उमेदवारांची नावं दिसतात. खांबांवर नावं, बसथांब्यांवर नावं, रस्त्याच्या पाट्यांवरही नावं. पायाखाली पत्रकांचा खच असतो. त्यातलं एखादं पत्रक उचलून नीट बघा. चकचकीत कागद, हात जोडलेल्या तरुणाचा फोटो, मोठ्या अक्षरात नाव. आणि त्या नावाचं स्पेलिंग बऱ्याचदा चुकलेलं असतं. कुठे एक अक्षर जास्त, कुठे एक कमी. ही छापखान्याची चूक नाही. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप केली म्हणून उद्या नोटीस आली, तर ‘हा मी नव्हेच’ म्हणत हात वर करता यावेत, म्हणून मुद्दाम ठेवलेली ती पळवाट आहे.

मला याचा मनापासून राग येतो. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा सार्वजनिक जीवनात पहिलं पाऊल टाकतो, आणि पहिली गोष्ट काय शिकतो, तर स्वतःचं नाव नाकारायला.

नियम नाहीत असं अजिबात नाही. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केल्या. एका उमेदवाराने जास्तीत जास्त पाच हजार रुपये खर्च करायचे. छापील पोस्टर चालणार नाही, हाताने केलेलं चालेल, तेही नेमून दिलेल्या जागीच. वयाची अट आहे, पंचाहत्तर टक्के हजेरीची अट आहे. समितीचा हेतू स्वच्छ होता. गरीब घरातल्या मुलीलाही उभं राहता यावं, बाहेरच्या पैशाने निवडणूक विकत घेतली जाऊ नये. पण दिल्लीत गाड्यांचे ताफे फिरतात, सिनेमाची तिकिटं आणि वॉटर पार्कच्या सहली वाटल्याच्या बातम्या येतात, आणि हिशेब मात्र पाच हजारांच्या आतला सादर होतो. तो देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही खरं काय ते ठाऊक असतं.

२०२४ साली हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेलं. मतदान २७ सप्टेंबरला झालं, पण भिंती साफ होईपर्यंत मतमोजणी करायची नाही, असं न्यायालयाने बजावलं. निकाल लागला २५ नोव्हेंबरला. जवळजवळ दोन महिने मतं पेटीबंद, आणि उमेदवार रंगाचे डबे घेऊन भिंती पुसताहेत! पुढच्या वर्षी विद्यापीठाने उमेदवारांकडून एक लाख रुपयांचं हमीपत्र मागितलं. म्हणजे खर्च पाच हजारांचा करायचा आणि हमी लाखाची द्यायची. ज्या गरीब मुलीसाठी पाच हजारांची मर्यादा घातली, ती हा आकडा वाचून अर्जाच्या खिडकीपर्यंत तरी जाईल का?

त्याच दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे. तिथली निवडणूक विद्यार्थीच चालवतात, निवडणूक आयोगसुद्धा विद्यार्थ्यांचाच. हाताने रंगवलेली पोस्टरं असतात, अध्यक्षपदाच्या उमेदवारांची रात्री उशिरापर्यंत खुली वादचर्चा चालते, समोर बसलेली मुलं त्यांना उलटसुलट प्रश्न विचारतात. त्यांच्या विचारांशी तुमचं पटो न पटो, पद्धत वाखाणण्यासारखी आहे. आणि लिंगडोह समितीचे नियम पाळले नाहीत म्हणून २००८ साली न्यायालयाची स्थगिती कुठे आली? इथेच. वयाच्या आणि हजेरीच्या अटींवरून निवडणूक अडली ती थेट २०१२ पर्यंत. पैशाचा खेळ नव्हता तिथे कुलूप लागलं, आणि जिथे पैसा रस्त्यावर पडलेला दिसत होता तिथे दरवर्षी मतदान होत राहिलं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येते. इथे १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि पुढे कॉलेजच्या खुल्या निवडणुकाच बंद झाल्या. १९९४ च्या कायद्याने गुणवत्तेची वाट काढली. वर्गात पहिला येईल तो वर्ग प्रतिनिधी, म्हणजे सीआर. या सीआरमधून विद्यापीठ प्रतिनिधी, आपण ज्याला यूआर म्हणतो तो. आणि यूआर मिळून विद्यापीठाची विद्यार्थी परिषद निवडणार. वाटलं होतं, हुशार मुलं आली की राजकारण आपोआप सुटेल. झालं उलटंच. हजारो मतदार होते तेव्हा सगळ्यांना गाठणं अवघड होतं, आता मतदार उरले बोटावर मोजण्याइतके. मग सुरू झाली यूआरची पळवापळवी. संघटना त्यांना सहलीला नेऊन ठेवू लागल्या, मतदानाच्या दिवशी थेट गाडीतून केंद्रावर आणू लागल्या. ज्या मुलीने वर्षभर ग्रंथालयात मान मोडून अभ्यास केला, तिच्या घरी अनोळखी माणसांचे फोन यायला लागले. तिने निवडणूक मागितली नव्हती, आणि तिच्या वर्गानेही तिला निवडलं नव्हतं.

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका पुन्हा आणल्या, पण कागदावर. २०१९ साली वेळापत्रक निघालं आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून गुंडाळलं गेलं. जो मुलगा आमदार निवडायला लायक ठरला, त्याला वर्गाचा सीआर मात्र निवडता येईना! मग करोना आला, आणि विषयच मागे पडला.

यात नुकसान कोणाचं होतं? २०१७ चा उन्हाळा आठवा. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घाईघाईने अमलात आणला. निकाल रखडले. ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. परदेशातले प्रवेश, नोकरीचे कॉल, पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या जागा, सगळं टांगणीला लागलं. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं, पण मुलांचं वर्ष कोण भरून देणार? त्या वेळी मुलांनी स्वतः निवडून दिलेली परिषद असती, तर परीक्षेआधीच कोणीतरी अधिकाराने विचारलं असतं, की प्राध्यापकांना प्रशिक्षण दिलंत का, यंत्रणा एकदा तरी चालवून पाहिलीत का? असा कोणी नव्हता. होती ती फाटकाबाहेर घोषणा देणारी पक्षांची पोरं, आणि कॅमेरे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. निवडणुका घ्या, आणि त्या वर्गापासून घ्या. दुपारच्या दोन तासांत, वर्गातल्या वर्गात, साध्या कागदी मतपत्रिकेवर. दिल्लीसारखं अवाढव्य विद्यापीठ एका दिवसात मतदानाला उभं केलं की पैसा लागणारच. साठ जणांच्या वर्गात एकमेकांना ओळखणाऱ्या मुलांना पोस्टर कशाला हवं? खर्चाचा आकडा खरा ठरवा, पण तो तपासायला माणूस नेमा. परिषदेत बसणाऱ्या मुलाला वसतिगृह, निकाल आणि विद्यार्थी निधी यांची कागदपत्रं मागण्याचा हक्क द्या. पहिल्या वर्षी गडबड होईल, कुठे हाणामारीही होईल, तिथे पोलीस बोलवा, ते कॉलेज वगळून बाकीची निवडणूक पार पाडा. श्रोत्यांमध्ये कुणी प्राचार्य असतील, विद्यापीठाच्या अधिसभेचे, म्हणजे सिनेटचे, सदस्य असतील, तर हे त्यांनाच सांगते आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय तुम्ही घालू शकता. नमस्कार.